आंबट कशात ठेवणार

मुजीब सर दुसऱ्याचा कोड वाचायला बसले की आधी चहा मागवायचे. खालच्या हॉटेलातून कप आला की तो उजव्या हाताशी ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि वाचायला लागायचे. चहा गरम आहे तोवर कोड समजला तर पास. वर साय धरली की नापास. मग तो कप उचलून, ज्याचं पाप असेल त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "घ्या, पिऊन टाका. तुमच्यामुळं थंड झाला." कोड पास झाला तरी चहा ते पीत नसत, कारण तोवर पुढच्याची फाईल उघडलेली असे. पाच वर्षांत मी त्यांना गरम चहा पिताना एकदाही पाहिलं नाही. मी स्वतः मात्र पहिल्या वर्षी इतका थंड चहा प्यायले, की आता घरी कुणी वाफाळता कप दिला तर मला तो थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो.

लातुरातल्या त्या जागेला कंपनी म्हणायची पद्धत होती. खाली बी-बियाणांचं दुकान, वर आमच्या तीन खोल्या. जिन्यात कायम कीटकनाशकाचा वास. पाटीवर मात्र असं नाव होतं की वाचणाऱ्याला वाटावं, सॅटेलाइट इथूनच सुटतात. मालक शिवराज साहेब. ते पूर्वी प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई भरून द्यायचे. त्यात कमीपणा काही नाही. पण पुढे सॉफ्टवेअरही ते त्याच हिशेबाने विकू लागले: आत किती आहे ते कुणी उघडून बघत नाही, छापून काळं आलं म्हणजे झालं. त्यांचं एक वाक्य होतं, "आधी चालू करू, मग चांगलं करू." पहिला अर्धा भाग ते वेळेवर पाळत. 'मग' नावाचा दिवस मात्र आमच्या कॅलेंडरात कधी आला नाही.

आम्ही लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचो. रक्त-लघवी तपासायला पेशंट आला की त्याची नोंद करायची, मशीनमधले आकडे उचलायचे, रिपोर्ट छापायचा आणि मोबाईलवर पाठवायचा. मी त्या वेळी पुण्यात सहा महिने राहून परत आले होते. पुण्याने मला ठेवून घेतलं नव्हतं, पण तिथल्या सहा महिन्यांचा तोरा मी बॅगेत घालून आणला होता. चाकूरच्या पलीकडच्या खेड्यात वाढलेली मुलगी मी. ऑफिसात मात्र 'युजर एक्सपिरियन्स' असं म्हणून हात हलवायचे. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मुजीब सर नांदेडचे. जुन्या नांदेडात त्यांचं घर, आणि घराण्याचा धंदा कल्हईचा. वडिलांनी आयुष्यभर भाता चालवला. मुजीब सर आणि शिवराज साहेब पॉलिटेक्निकला एका बाकावर होते, म्हणूनच साहेबांना 'शिवराज' म्हणायची आणि तोंडावर बोलायची हिंमत त्या इमारतीत एकट्या त्यांनाच होती. मध्ये पंधरा वर्षं ते हैदराबादला मोठ्या कंपनीत होते. आई आजारी पडली म्हणून आले आणि मित्राने धरून ठेवलं. सोमवारी सकाळच्या एसटीने लातूर, शनिवारी दुपारी परत नांदेड. पन्नाशी ओलांडलेली, शर्ट कायम इस्त्रीचा, आणि तोंड कायम असं, की नुकतीच काहीतरी आंबलेली वस्तू चाखलीय.

त्यांची जीभ म्हणजे कहर होता. कुणी घाईत कोडमधल्या कशाला 'टेम्प टू', म्हणजे 'तात्पुरतं दोन', असं नाव दिलं की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "हा टेम्प टू कोण? टेम्प वनचा धाकटा भाऊ का? मोठा काय करून राहिला मग?" मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "रेखाबाई, हा कोड तुम्ही लिहिला, का तुमच्यावर कुणी फेकून मारला?" 'बाई' आणि 'तुम्ही' हे मान देण्यासाठी नव्हतं, हे मला कळायला अर्धं मिनिट लागलं. पुण्याच्या लोकांविषयी, हैदराबादच्या लोकांविषयी, डॉक्टरांविषयी, गिऱ्हाइकांविषयी त्यांचं मत एकच होतं: बेकार. तुच्छतेत ते अगदी निःपक्षपाती होते.

आणि साहेबांनी 'आधी चालू करू' म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "बाहेरून घासायचं काम कुणीबी करतंय, शिवराज. कल्हई आतून असती."

ज्यांनी पितळेची भांडी फक्त शोकेसमध्ये पाहिलीत त्यांच्यासाठी सांगते. पितळेच्या पातेल्याला आतून कथलाचा पांढरा हात दिलेला असतो, ती कल्हई. ती उडाली की आंबट आमटी कळकते, खाणाऱ्याच्या पोटात ढवळतं. बाहेरून पातेलं चिंचेने घासून कितीही चमकवा, त्याचा जेवणाशी काही संबंध नाही. मुजीब सरांच्या लेखी आमची सगळी कंपनी बाहेरून घासलेलं पातेलं होती. हे खरंच होतं, म्हणून जास्त झोंबायचं.

पण त्यांची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. उदगीरच्या एका डॉक्टरांना रिपोर्टच्या डोक्यावर आपलं नाव जरा मोठ्या अक्षरांत हवं होतं. बस, एवढंच. मुजीब सरांनी छपाईचा कोड उघडला, चहा थंड झाला, आणि त्यांनी जाहीर केलं की हे सगळं सडलेलं आहे, मुळापासून लिहावं लागेल. चार महिने ते लिहीत बसले. डॉक्टर आठवड्याला फोन करायचे. "झालं का हो?" शेवटी त्यांनी बिदरच्या कुणाकडून तरी दुसरं सॉफ्टवेअर घेतलं आणि आपलं नाव पाहिजे तेवढं मोठं करून टाकलं. मुजीब सरांचा नवा कोड मात्र अप्रतिम होता. चहाला वाफा असतानाच अख्खा समजायचा. फक्त तो वापरणारं कुणी उरलं नव्हतं. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "त्या बिदरवाल्याचा कोड उघडून बघा, उलटी व्हईल." डॉक्टरांना कोड कधीच उघडायचा नव्हता, हे त्यांच्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं. अशा माणसाला हुशार म्हणायचं की हेकट, यावर ऑफिसात दोन तट होते. मी हेकटांच्या बाजूने.

मग नांदेडचं काम आलं. तिथली एक मोठी लॅब. सगळा कारभार अजून वहीत चालायचा. त्या वहीचं अक्षर असं, की शिंदे आणि शिंगे यांचं रक्त वर्षानुवर्षं एकमेकांत मिसळत आलेलं. लॅबच्या डॉक्टरांना पाडव्याला नवं सॉफ्टवेअर चालू करायचं होतं आणि शिवराज साहेबांनी त्यांना पेढा भरवून शब्द देऊन टाकला होता. पेशंटच्या नोंदीची स्क्रीन माझ्याकडे होती. मी ती झकास केली. मोबाईल नंबर टाकला की जुन्या पेशंटचं नाव, वय, गाव सगळं आपोआप भरून यायचं. काउंटरवरच्या बाईने फक्त एंटर मारायचं. डेमोत डॉक्टर खूश झाले, साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांची मुलगी. कोड कसा होता विचाराल तर मुजीब सरांनी त्या दिवशी मला दोन कप थंड चहा पाजला.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी आक्षेपांची यादी छापून टेबलावर ठेवली. एकेचाळीस आक्षेप. पहिला समासाबद्दल होता. तिसावा स्वल्पविरामांबद्दल. बत्तिसावा एका नावाच्या स्पेलिंगबद्दल. आणि या दोघांच्या मधे, तेवढ्याच अक्षरांत, तेवढ्याच तुच्छतेने लिहिलेला एकतिसावा: 'मोबाईल नंबर म्हणजे पेशंट नव्हे.'

साहेबांनी ती यादी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचली. समास, स्वल्पविराम, सगळे हसत होते. एकतिसाव्यालाही हसले. मीही हसले. आणि हे मी लिहून ठेवते, कारण हसायचा हक्क त्या खोलीत सगळ्यात कमी मला होता. माझ्या वडिलांच्या गॅसचा मेसेज आजही गावातल्या दुकानदार काकांच्या फोनवर येतो. आमच्या निम्म्या गल्लीचं रेशन, बँक, दवाखाना, सगळ्याला काकांचाच नंबर. ते मेसेज वाचतात आणि हाक मारून सांगतात. हे मी जन्मभर पाहिलेलं. पण पुण्यात सहा महिने राहून आलेल्या बाईला आपलं गाव आठवणं बरं दिसत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर साहेबांनी यादी खाली ठेवली. त्या माणसाबद्दल मला फारसा आदर नाही, पण त्या दिवशी त्यांनी जे विचारलं ते बरोबर विचारलं.

"मुजीबभाई, एकेचाळीस तर व्हत न्हाईत. यातलं असं कोणतं हाय, की जे केल्याबिगर चालूच करायचं न्हाई? एक सांग, दोन सांग. ते करू."

"सगळं," मुजीब सर म्हणाले.

"सगळं व्हत न्हाई."

"मग चालू करू नका."

साहेबांनी यादीची घडी घातली आणि खिशात ठेवली. पाडव्याला नांदेडात नारळ फुटला.

पाडव्यानंतरच्या सोमवारी मी आणि मुजीब सर त्या लॅबच्या काउंटरमागे बसलो होतो. काही अडलं तर बघायला म्हणून साहेबांनी आम्हाला ठेवलं होतं. मुजीब सर हाताची घडी घालून, माझ्या स्क्रीनकडे पाहुण्यांच्या मुलाने सांडलेल्या दुधाकडे बघावं तसं बघत होते. बाहेर बाकावर तीसेक माणसं. अकराच्या सुमाराला एक माणूस आत आला. खांद्यावर टॉवेल, हातात जीपची किल्ली. त्याचं नाव व्यंकट, देगलूरच्या अलीकडच्या एका खेड्यातून रोज पेशंट घेऊन यायचा.

"मॅडम, गंगाबाईचा रिपोर्ट आला न्हाई," तो काउंटरवरच्या बाईला म्हणाला. "काल रक्त दिलंय तिनं."

बाईने शोधलं. "या नावाचं कुणी नाही."

"न्हाई कसं? मीच घेऊन आलतो की. हितंच बसली व्हती."

"मोबाईल नंबर सांगा."

त्याने सांगितला. नंबर टाकताच माझ्या झकास स्क्रीनवर नाव भरून आलं: सुनंदा, वय चोवीस. खाली दोन रिपोर्ट. शनिवारचा आणि रविवारचा. शनिवारी हिमोग्लोबिन पाच, रविवारी साडेअकरा.

मुजीब सर खुर्चीतून उठले.

"हा नंबर कुणाचा?"

"माझा."

"सुनंदा तुमची कोण लागती?"

"कुणी न्हाई. गावातली हाय."

"आन् गंगाबाई?"

"ती बी गावातलीच. सर, गावाचाच नंबर हाय समजा तो. दवाखान्यात समदे माझाच देतेत. मेसेज वाचायला मी असतो ना." मग तो जरा थांबला. "सुनंदाचा रिपोर्ट तर चांगला आला की काल. पैला खराब व्हता. तिला आज नांदेडात ॲडमिट करून रक्त चढवायचं व्हतं. काल मोबाईलवर दुसरा आला, तर सासू म्हणली, पैला चुकला असंल, आता दुरुस्त करून धाडला. कशाला जायाचं उगं. दिस भरलेत तिचे."

रविवारी गंगाबाई आली, व्यंकटचा नंबर दिला, स्क्रीनने सुनंदाचं नाव भरलं, समोर रांग होती, बाईने एंटर मारलं. नळीवरची चिठ्ठी सुनंदाच्या नावाने छापली गेली. गंगाबाईचं धडधाकट रक्त सुनंदाच्या नावावर गेलं, आणि दिवस भरलेली, अंगात पाच हिमोग्लोबिन असलेली बाई नव्या रिपोर्टवर विश्वास ठेवून घरी बसली.

"तिच्या घरी फोन लावा," मी म्हणाले.

"फोन हाच," व्यंकटने खिशातून काढून दाखवला. "तिच्या नवऱ्याकडं हाय एक, पण तो कारखान्यावर. सकाळपासून लागत न्हाई." अख्ख्या गावाचा नंबर त्या क्षणी नांदेडात आमच्या काउंटरवर होता. शेजाऱ्यांपैकी कुणाचा नंबर त्याला पाठ नव्हता. ते सगळे त्यालाच फोन करत, त्याला कधी करावा लागला नव्हता.

मी साहेबांना लातूरला फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यांनी ऐकून घेतलं, शिवी हासडली आणि म्हणाले, "पण लॅब बंद करू नका. वह्या त्यांनी माळ्यावर टाकल्यात. बाहेर माणसं बसलीत, त्यांचं काय करताव?" मला वाटलं, आता मुजीब सर फाडून खाणार त्यांना. ते म्हणाले, "बंद न्हाई करत."

आणि ते काउंटरवरच्याच कॉम्प्युटरवर बसले. व्यंकटला म्हणाले, डिझेल बघून घे, वीस मिनिटात निघू. मी मागे उभी राहून बघत होते. जो माणूस एका स्वल्पविरामासाठी दिवसभर अबोला धरायचा, त्याने माझ्या सुंदर स्क्रीनच्या छातीत खिळा ठोकावा तसा कोड ठोकला. नंबर आधीच असला तर नाव भरून येणं बंद. स्क्रीन लाल. नाव, वय, गाव नव्याने हाताने टाकल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, आणि प्रत्येकाला लॅबचा स्वतःचा वेगळा नंबर. कशाची तपासणी नाही, कशाची रचना नाही, आकडे जिथल्या तिथे कोंबलेले. एका ठिकाणी तर त्यांनी नाव दिलं, टेम्प टू. मी ते पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि तसंच राहू दिलं.

"चालू झालं," ते उठत म्हणाले. "रेखा, पाडव्यापासूनची एकेक नोंद हातानं तपास. जिथं एका नंबरवर दोन रिपोर्ट दिसतील तिथं घरापर्यंत माणूस शोध. ऊठबस करू नको, हलू नको." पहिल्यांदाच ते मला 'तू' म्हणाले. मग इस्त्रीचा शर्ट घातलेला तो माणूस व्यंकटच्या जीपमध्ये पुढे बसून निघून गेला.

मी दिवसभर तपासलं. आणखी दोन जोड्या सापडल्या. त्यांत नशिबाने दोघांचेही आकडे सारखेच बरे होते. दुपार कलताना जीप परत आली. मागे सुनंदा आडवी, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन. तिला नेलं, रक्त चढवलं. चौथ्या दिवशी तिला मुलगी झाली. दोघी नीट होत्या. हे मी एका ओळीत लिहितेय, पण ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

ती बातमी आल्यावर आम्ही लातूरला परत निघालो. नांदेडच्या स्टँडवर, लातूरवरून जाणाऱ्या निलंगा गाडीची वाट बघत बसलो होतो. मी ठरवून ठेवलं होतं की आता बोलणी खायची, मान खाली घालून खायची. नोंदीची स्क्रीन माझी होती. पण मुजीब सर समोरच्या गर्दीकडे बघत म्हणाले, "अब्बांचं मी तुम्हा लोकांना अर्धंच सांगून राहिलो आजवर."

मी त्यांच्याकडे वळले.

"लग्नसराई असली की गावाकडून भांडी यायची. गाडीभर. हंडे, पातेली, पराती. लग्न उद्यावर, आन् कथील निम्म्याला बी पुरायचं न्हाई. मग अब्बा काय करायचे? सगळ्यांना पातळ हात मारायचे? न्हाई. परत पाठवायचे? न्हाई, लग्न काय थांबतंय का? ते त्या मालकाला समोर बसवून एकच विचारायचे. आंबट कशात ठेवणार? चिंचेचं सार कशात, ताक कशात, ते दाखव. तेवढ्या भांड्यांना असली कल्हई करायचे की तोंड दिसावं. भाताच्या हंड्याला नुसती राख लावून द्यायचे. त्यात भातच शिजणार. त्याला काय धाड भरलीय."

गाडी लागल्याची घोषणा झाली. ते उठले नाहीत.

"मी काय केलं? एकेचाळीस भांडी मांडली आन् म्हणलं, सगळ्यांना करा न्हाईतर लग्न मोडा. आंबट कशात ते मला ठाऊक व्हतं. आमच्या मोहल्ल्यात एका फोनवर सहा घरं हायत, रेखा. मला ठाऊक व्हतं. शिवराज बेवकूफ माणूस हाय, पण सवाल त्यानं बरोबर केलता. मी अकडून बसलो. जवाब दिला न्हाई."

"चूक माझी होती, सर," मी म्हणाले. "कोड माझा होता."

"चूक तुझीच. पण तुला ठाऊक न्हवतं. तेवढा फरक हाय."

मलाही ठाऊक होतं. दुकानदार काका, वडिलांचा गॅस, सगळं. ते मी त्यांना स्टँडवर सांगितलं नाही, गाडीत सांगितलं नाही, नंतरही कधी सांगितलं नाही. इथे सांगतेय.

पुढचं शिवराज साहेबांच्या लौकिकाला साजेसंच झालं. महिन्याभरात त्यांनी नवं माहितीपत्रक छापलं. त्यात गुळगुळीत कागदावर, हसऱ्या आजी-आजोबांच्या चित्राखाली लिहिलं होतं: 'एकाच मोबाईलवर संपूर्ण कुटुंब, आमची खास सुविधा'. जी चूक एका बाईच्या जिवावर आली होती, तिच्यावर मारलेलं ठिगळ आता सुविधा म्हणून विकलं जात होतं, आणि खपतही होतं. मुजीब सरांनी ते पत्रक नीट वाचलं, दोन्ही बाजूंनी. मग हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच काय ते पाहिलं. त्याच दुपारी त्यांनी राजीनामा दिला.

साहेबांनी खूप धरून ठेवायचा प्रयत्न केला. मी जिन्यापर्यंत गेले. साहेबांना नावं ठेवायला मी तोंड उघडलं तर मुजीब सरांनी हाताने थांबवलं. "त्याला विकता येतंय. ती बी लागती गोष्ट. मी केलं आसतं एकट्यानं, तर ते सॉफ्टवेअर अजून लातुरातच ऱ्हायलं आसतं, आन् नांदेडात वही चालली आसती. फक्त तो विकायला निघाला की त्याच्या आडवं पड आन् एक गोष्ट विचार. एकच. एकेचाळीस न्हाई." ते कीटकनाशकाच्या वासातून खाली उतरून गेले. नांदेडला त्यांनी घरूनच कुठल्या तरी परगावच्या कंपनीचं काम धरलं असं कळलं. ते पुन्हा लातूरला आले नाहीत. मीही फोन केला नाही; काय बोलणार होते?

तीन वर्षं गेली. मुजीब सरांच्या खुर्चीवर आता मी बसते आणि सगळे म्हणतात की माझी जीभ त्यांच्यासारखी झालीय. मध्यंतरी पुण्याहून एक नवीन इंजिनिअर आली. हुशार, आणि पुण्याचा तोरा बॅगेत. तिने नोंदीच्या स्क्रीनचा कोड उघडला आणि नाक मुरडून मला बोलावलं. "मॅडम, हे काय आहे? टेम्प टू? हे कुणी लिहिलं? मी काढून टाकते."

मी तो तुकडा त्या सोमवारनंतर उघडला नव्हता. तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. वरती, कॉम्प्युटर वाचत नाही पण माणूस वाचतो अशा ओळीत, मराठीत, त्या सोमवारनंतर कधीतरी घातलेलं, लिहिलेलं होतं: 'हे घाण काम मी केलं आहे. काढायच्या आधी व्यंकटच्या जीपने जाऊन सुनंदाला विचारून या. मुजीब.'

ती मुलगी हसली. मी तिला म्हणाले, हात लावू नको, आणि शनिवारी मी नांदेडला गेले. व्यंकटची जीप तीच होती, फक्त अजून खिळखिळी. गावात सुनंदा ओसरीवर तुरी निवडत होती. तिची मुलगी आपली एक मूठ भरून निवडलेल्या तुरी परत न निवडलेल्यात टाकत होती. मी कोण, कशाला आले, हे सांगायचा प्रयत्न केला. कॉम्प्युटर, नंबर, लाल स्क्रीन. त्यांना काही कळलं नाही. मुजीब सरांचं नाव मात्र सासूला लगेच कळलं.

"ते सर व्हय," म्हातारी म्हणाली. "मी तर सोडीतच न्हवते सुनेला. कोण माणूस, कुठला, जीपमधून उतरला आन् म्हणतोय पोरीला चला. मी म्हणलं, बसा, आदी चहा घ्या, मग बघू. आमच्यात चहा पाजल्याबिगर माणसाची पारख करत न्हाईत. मला वाटलं, चहा हुईस्तोर मालकाला बोलवावं रानातनं. चुलीवरून उतरून कप दिला हातात, वाफा निघून ऱ्हायल्या व्हत्या. त्यांनी बशी बी मागितली न्हाई बाई. उभ्या उभ्या एका दमात पेऊन टाकला आन् म्हणले, झाला चहा, आता चला. डोळ्यांत पाणी आलतं त्यांच्या. भाजलं असंल तोंड. पण कपात थेंब ठेवला न्हाई."

मुलगी माझ्या मुठीत तुरी देत होती.

लातूरला येऊन तो वीस मिनिटांचा कोड मी स्वतः नीट लिहिला. चार दिवस लागले. बाकीचं सगळं तसंच घाण ठेवलं आहे. त्यात भातच शिजतो. टेम्प टू गेला. वरची ओळ मात्र मी काढली नाही.